आठ महिने सरकारचा हिशोब वाचून पाहिला: कॅगचे अहवाल, बीम्स अन् विधानमंडळाच्या समित्या, यवतमाळ जिल्ह्यातून अनुभव

आधी सांगून टाकते, मी काही सीए नाही. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाचं पुस्तक लिहिते, म्हणजे बारा बचत गटांची जमा, कर्ज, परतफेड, व्याज, सगळी रजिस्टरं माझ्याकडं. घरी कपाशी अन् तूर आहे. मागच्या डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू होतं तेव्हापासून मी तीन गोष्टी नेमानं वापरून राहिली: कॅगचे (म्हणजे सरकारचा हिशोब तपासणारे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) महाराष्ट्राचे अहवाल, सरकारच्या बजेटचं वाटप अन् खर्च दाखवणारं बीम्स पोर्टल, अन् विधानमंडळाच्या समित्यांचे अहवाल. तिन्ही फुकट आहेत, साध्या मोबाईलवर उघडतात. आठ महिने झाले आता, अन् मराठीत असा अनुभव कुठं वाचायला मिळाला नाही म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात झाली रस्त्यावरून. गावापासून डांबरी रोडपर्यंत अडीच किलोमीटर काळ्या मातीची वाट, पाऊस लागला की ऑटोवाला येत नाही, अन् कापूस न्यायचा तं गाडीवाला भाडं वाढवून मागते. ग्रामसभेत तीन वर्षं एकच उत्तर, "काम मंजूर आहे, वरून निधी आला नाही." आता मी रोज रजिस्टर लिहिणारी बाई, मला हे वाक्य पचतच नाही. आला नाही म्हणजे नेमकं काय झालं? तरतूदच नव्हती, का तरतूद होती पण वाटप झालं नाही, का वाटप झालं पण खर्च झाला नाही, का येऊन परत गेला? ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गटात एखादी म्हणाली हप्ता आला नाही तं मी तिला चारही विचारते, मंग सरकारला काहून नाही विचारायचं.

पहिले बीम्स पाहिलं. त्यात विभागवार दिसते की अर्थसंकल्पात किती ठेवले, किती वाटले, किती खर्च झाले. पण लेखाशीर्ष, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या जमा-खर्चाला दिलेला आकडा, समजल्याशिवाय काहीच हाती लागत नाही, माझे पहिले पंधरा दिवस त्यातच गेले. गंमत म्हणजे आपण हे आकडे आधीच बोलत असतो. गावोगावी पुढारी "पंचवीस पंधराचा निधी आणला" म्हणतात नं, ते २५१५ म्हणजे "इतर ग्रामविकास कार्यक्रम" हे मुख्य लेखाशीर्ष आहे. "तीस चोपन"चा रस्ता म्हणजे ३०५४, रस्ते व पूल, महसुली खर्च, म्हणजे देखभाल-दुरुस्तीसारखा चालू खर्च. ५०५४ म्हणजे तेच रस्ते अन् पूल पण भांडवली, म्हणजे नवीन बांधकामाचा खर्च. पहिला आकडा २ किंवा ३ असला तं महसुली खर्च, ४ किंवा ५ असला तं भांडवली, ० किंवा १ असला तं जमा, ६-७ म्हणजे कर्जं, अन् ८ म्हणजे आकस्मिकता निधी (अचानक खर्चासाठी) अन् लोकलेखा (सरकारकडं ठेव म्हणून असलेला दुसऱ्यांचा पैसा). एवढं पाठ झालं की अर्थसंकल्पाचं जाडजूड पुस्तक आपल्या खतावणीसारखं दिसायला लागते. एक मात्र लक्षात ठेवा, बीम्सवर तुमच्या गावाचा रस्ता दिसणार नाही, लेखाशीर्ष दिसते. त्यामुळं नुसतं बीम्स पाहून मला माझं उत्तर भेटलं नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते तिथंच समजलं.

खरी चीज म्हणजे कॅगचा राज्य वित्त अहवाल. घटनेच्या अनुच्छेद १५१(२) प्रमाणं राज्याच्या हिशोबाचे हे अहवाल राज्यपालांकडं जातात अन् राज्यपाल ते विधानमंडळापुढं ठेवायला लावतात. म्हणजे मंत्री खुश असो का नाराज, कागद सभागृहात येणारच. विदर्भ-मराठवाड्याच्या हिशोबासाठी महालेखाकारांचं वेगळं ऑफिस नागपूरलाच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, हे मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात माहीत नव्हतं.

त्या अहवालात राज्याचं कर्ज किती, तूट किती ते सुरुवातीला असते, पेपरात त्याच बातम्या येतात. मी म्हणते ते भराभर वाचा अन् हिशोबाच्या दर्जावरचं प्रकरण उघडा, मी ते चार वेळा वाचलं. त्यात उपयोगिता प्रमाणपत्रांचा तक्ता असते. अनुदान दिलं, ज्यानं घेतलं त्यानं लिहून द्यायचं की पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लावला, अन् कोणत्या विभागाची किती प्रमाणपत्रं किती वर्षांपासून बाकी आहेत ते तिथं छापलेलं राहते. आमच्या गटात एखादीनं शेळीसाठी कर्ज घेतलं तं आम्ही दोघी-तिघी तिच्या गोठ्यात जाऊन शेळी पाहतो, मंगच रजिस्टरवर सही करतो. प्रमाणपत्र म्हणजे ती शेळी पाहणं आहे. प्रमाणपत्र बाकी आहे म्हणजे चोरी झाली असं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण मोबाईलवर लोकं लगेच "इतके कोटी गायब" करून फिरवतात. कॅगचं म्हणणं साधं असते, की प्रमाणपत्र नाही तं पैसा ठरल्या कामालाच लागला याची खात्री देता येत नाही. पण सभागृहानं ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्याचं काय झालं हे सभागृहालाच कळत नसेल तं पुढच्या वर्षी हात कशाच्या भरवशावर वर करायचा?

दुसरं म्हणजे गौण शीर्ष (मुख्य लेखाशीर्षाच्या पोटातलं शीर्ष) ८००, इतर खर्च अन् इतर जमा. कॅग यावर वारंवार बोट ठेवते, की स्वतंत्र शीर्ष उपलब्ध असूनही रकमा "इतर"मध्ये टाकतात, त्यानं हिशोब धूसर होते. हे वाचून मी आमची मागची दोन वर्षांची रजिस्टरं काढली अन् "इतर"च्या रकान्यात जे जे होतं ते एकेक फोडून लिहिलं. झेरॉक्स, तालुक्याचं भाडं, चहा, मीटिंगची सतरंजी. बायांना मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तं एक काकू म्हणाल्या, "आता समजलं वो बाई, आतापर्यंत नुसतं इतर इतर ऐकत होतो."

तिसरं मार्च एंडिंगचं. वर्षभर खर्च कमी अन् मार्चमध्ये एकदम घाई, हे आपल्याला डोळ्यानं दिसते, पण कागदावर कसं होते ते इथं समजलं. कधी पैसा वैयक्तिक ठेव खात्यात, म्हणजे सरकारी तिजोरीतच अधिकाऱ्याच्या पदाच्या नावानं असलेल्या खात्यात, टाकतात. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, तो निघाला म्हणून हिशोबात खर्च झाला, पण जमिनीवर एक टोपलं मुरूम पडला नसते. कधी संक्षिप्त देयकावर, म्हणजे तपशील न जोडलेल्या बिलावर, रक्कम उचलतात अन् नंतर द्यायचं तपशीलवार देयक राहून जाते. अन् कधी पैसा न वापरता वर्षाअखेर परत करतात, त्याला प्रत्यार्पण म्हणतात. हा शब्द लिहून ठेवा, मला तोच कामी पडला.

आता अहवाल आल्यावर पुढं काय होते? मला वाटे कपाटात जाते. तसं नाही. विधानमंडळाची लोकलेखा समिती त्यातले परिच्छेद घेते, संबंधित खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते, त्यानं लेखी खुलासा द्यायचा अन् समोर बसून उत्तरही द्यायचं, मंग समिती शिफारशी करते अन् त्यावर काय कारवाई झाली तेही विचारते. या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडं द्यायचा संकेत आहे, ही गोष्ट मला फार आवडली, हिशोब पाहायला दुसऱ्या बाजूचा माणूस पाहिजेच. महामंडळं अन् सरकारी कंपन्यांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती वेगळी आहे. अकोल्याचं महाबीज आपल्याला बियाण्याच्या थैलीवरून माहीत आहे, तीही सरकारी कंपनी, अन् अशा कंपनीचा वार्षिक अहवाल कॅगच्या अभिप्रायासोबत सभागृहापुढं ठेवावा लागते, २०१३ च्या कंपनी कायद्यातच तसं आहे. जिल्हा परिषदेसाठी पंचायत राज समिती, जिला सगळे पीआरसी म्हणतात. पीआरसी जिल्ह्यात येणार म्हटलं की ऑफिसात फाइली कशा हलतात ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही.

अन् एक आश्वासन समिती असते. मंत्री सभागृहात "तपासून कारवाई करू" म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जाते अन् ही समिती त्याचा पाठपुरावा करते. मी तं समजे ते बोलणं हवेत जाते.

मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तं तोही अनुच्छेद २०५ खाली सभागृहापुढं आणून नियमित करून घ्यावा लागते. आमच्या कोषाध्यक्ष वहिनीनं हळदीकुंकवाला ५०० चा ठराव असताना ६२० खर्च केले होते, तेव्हा आम्ही पुढच्या मीटिंगला १२० चा वेगळा ठराव घेतला होता. मी तेव्हा उगाच कडक वागली असं काही जणींना वाटलं. मला आता वाटते बरोबरच होतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या. उशीर. हिशोब ३१ मार्चला बंद होते अन् त्यावरचा अहवाल सभागृहात यायला कितीतरी महिने जातात, एखाद्या योजनेच्या कामगिरीवरचा असला तं दोन-तीन वर्षं जुनी गोष्ट वाचायला मिळते. बरेचदा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवतात, मंग आमदारांनी वाचायचा कधी अन् बोलायचं कधी? काही महामंडळांचे हिशोबच वर्षानुवर्षं थकलेले असतात, तिथं तं तपासायला कागदच नाही. भाषाही जड आहे, "अभिलेख्यांच्या चाचणी तपासणीत असे निदर्शनास आले" अशी, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागते. मोबाईलवर तक्ते फार बारीक दिसतात, मी तालुक्याला जाऊन अकरा पानं प्रिंट काढली, पानाला पाच रुपये.

अन् विदर्भाचं एक दुखणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी विकास मंडळाची सोय आहे, अन् तिथंच लिहिलं आहे की मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायचा. १९९४ मध्ये मंडळं झाली, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. आमच्या भागाचा अनुशेष, म्हणजे बाकी राहिलेला विकास, किती, पैसा किती आला, हे वर्षातून एकदा सभागृहात मांडायला लावणारा घटनेतला कागद, अन् मंडळच नसलं तं तो येणार कुठून. १९५३ च्या नागपूर करारामुळं अधिवेशन नागपूरला भरते, चांगलं आहे, पण मला अधिवेशनाच्या मोर्चांपेक्षा तो कागद जास्त महत्त्वाचा वाटते.

रस्त्याचं काय झालं ते सांगते. एप्रिलमध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आधीही गावातून एकानं टाकला होता, "रस्त्याचा निधी काहून आला नाही" असा, त्याला उत्तर आलं "माहिती प्रश्नार्थक स्वरूपात आहे". मी असं लिहिलं: अमुक लेखाशीर्ष, अमुक आर्थिक वर्ष, या कामासाठी तरतूद किती, निधी कोणत्या तारखेला प्राप्त झाला, किती खर्च झाला अन् किती प्रत्यार्पित केला, आदेशाच्या प्रतीसह. ३० दिवसांची मुदत, उत्तर ३४ व्या दिवशी आलं. निधी आला होता. २७ मार्चला आला, निविदा झालेली नव्हती म्हणून ३१ मार्चला परत गेला. तीन वर्षं आम्ही "आला नाही" ऐकत होतो अन् त्यातल्या एका वर्षी तो चार दिवस जिल्ह्यात होता. ते पत्र हातात घेऊन मी ओसरीवर बराच वेळ बसून राहिली.

कोणाला सुरू करायचं असेल तं एका वर्षाचा एकच वित्त अहवाल घ्या, मराठी आवृत्ती घ्या, अन् आपल्याला रोज लागते तेच एक खातं धरा, आरोग्य धरायचं तं २२१०, शाळा तं २२०२. सगळं वाचायच्या मागं लागू नका. आम्ही आता ग्रामसंघाच्या दर महिन्याच्या मीटिंगला शेवटची दहा मिनिटं त्यातलं एक पान वाचतो. स्टार द्यायचे तं कॅगच्या वित्त अहवालाला साडेचार, समित्यांच्या अहवालांना साडेतीन, बीम्सला तीन.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते उत्तर वाचून दाखवलं अन् निविदा मार्चच्या आधी करावी असा ठराव घेतला. मंग तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा करून आमदार साहेबांच्या ऑफिसात दिला, लेखाशीर्ष, दोन्ही तारखा अन् पत्राची झेरॉक्स जोडून, पोचेवर शिक्का घेतला आहे. हिवाळी अधिवेशन लागेल तेव्हा आमच्याकडं वेचणी जोरात असते, पण प्रश्नोत्तरांची यादी मी रोज रात्री पाहणार आहे.