पळणारी नवरी की खोटं बोलणारी मैत्रीण?

लग्नाआधीचा गोंधळ, ज्युलिया रॉबर्ट्स आणि दोन चित्रपट. ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’मध्ये (१९९७) ती मित्राचं ठरलेलं लग्न मोडायला निघते, त्यासाठी त्याच्या होणाऱ्या सासऱ्याच्या नावाने खोटा ईमेलही लिहिते. ‘रनअवे ब्राइड’मधली (१९९९) मॅगी मात्र स्वतःलाच फसवते. ज्याच्याशी लग्न ठरतं त्याला जशी अंडी आवडतात, तशीच तिलाही आवडतात! शेवटी ती सगळ्या प्रकारची अंडी करून चाखते, तेव्हा भर लग्नातून पळण्याचं कारण उमगतं. फार सुंदर प्रसंग आहे तो.

तरी मी पहिलाच निवडेन. तिथे नायिकेला मित्र मिळत नाही, तो आपल्या ठरलेल्या नवरीशी, किमीशीच लग्न करतो. विनोदी प्रेमकथेत एवढं धाडस क्वचितच दिसतं. शिवाय नायिकेचा दुसरा मित्र, रुपर्ट एव्हरेटने साकारलेला जॉर्ज आहेच!