गिऱ्हाईक खरं किती? पोर्टल, एजंट की वही

बाजार थंड असला की घर विकणाऱ्याला एकच प्रश्न छळतो: आपलं घर लोकांना आवडत नाहीये, की मुळात घ्यायला लोकच नाहीत? कोथरूडमधला आमचा टू बीएचके ७ महिने विकायला होता. तेवढ्या काळात गिऱ्हाईक जोखायच्या तिन्ही वाटा चालून झाल्या.

घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर आकड्यांना तोटा नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही खूश होतो. मग लक्षात आलं, फोन करणाऱ्यांत निम्मे एजंटच. "सर, फ्लॅट आहे ना अजून? पार्टी तयार आहे." ती पार्टी कधीच उगवली नाही. तरी आकडे अगदीच टाकाऊ नसतात. जाहिरात बघणारे ढीगभर आणि फोन एकही नाही, तर किंमत किंवा फोटो नडतायत. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही, तर फोनवर सांगितलेलं काहीतरी नडतंय. आमचं नडणं उघड होतं: तिसरा मजला, लिफ्ट नाही.

एजंट खरी माणसं आणतो. घर बघून खाली उतरल्यावर ती जे बोलतात, ते मालकासमोर बोलत नाहीत. ते एजंटाकडून काढून घ्यायचं; "कळवतो म्हणाले" यावर भागवायचं नाही. पण त्याचा कल भाव उतरवण्याकडे असतो, हेही ध्यानात ठेवा. किंमत ५ लाखांनी उतरली तर १ टक्का दलालीत त्याचे ५ हजारच जातात. तो म्हणतोय म्हणून भाव पाडण्याआधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या सोसायटीतल्या ताज्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, बघा. तिथे दस्तातली रक्कम असते, जाहिरातीतली नाही.

माझं मत वहीला, घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायच्या. तारीख, कुणामार्फत आले, किती वेळ थांबले, काय विचारलं, आणि शेवटचा रकाना: पुन्हा आले का? मंदीत या एका रकान्यावर माझा भरवसा. एका रविवारी आलेल्या बाईंनी हॉलकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ओट्याशी जाऊन नळ सोडला, ड्राय बाल्कनी वितीने मोजली, मेंटेनन्स विचारला. "छान आहे" एकदाही म्हणाल्या नाहीत. चौथ्या दिवशी सासूबाईंना घेऊन हजर! जिना चढताना सासूबाई दोनदा थांबल्या, तेव्हाच मी काय ते समजलो. (पितृपक्षातली पानं कोरी राहतात, त्याने घाबरू नका.)

घर बंद असेल आणि तुम्ही परगावी, तर वही जमायची नाही. मग किल्ली एजंटाकडे द्या, पण तो सांगतो तेवढी माणसं खरंच आली का, ते महिन्यातून एकदा वॉचमनच्या रजिस्टरवरून पडताळा.

सासूबाईंनंतर आम्ही जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिफ्ट नसल्याचं टाकलं. फोन निम्म्यावर आले, पण शेवटच्या रकान्यात त्या महिन्यात दोन नावं चढली.