रशियात तीन दिवस बस, आठ रात्री बोट: सात महिन्यांनंतर

जूनमध्ये जाऊन आलो तेव्हा लगेच लिहायला बसलो नाही, ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर निम्मा मजकूर टूर कंपनीला शिव्या घालण्यात गेला असता. आता राग निवला आहे, रिफंडही आला आहे (त्याचं पुढे सांगतो), म्हणून नीट लिहितो. इमारतीतल्या तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: एवढा मोठा देश बसने बघावा की बोटीने?

मी मुंबई पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालो. मुलुंडला राहतो, गाव चौल. सोबत सौ., आणि सौ.सोबत तिचे गुडघे. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी मतं या दोन गोष्टींवर उभी आहेत.

आधी बस. मॉस्कोहून व्लादिमिर, सुझ्दाल आणि परतताना सेर्गियेव पोसाद. नकाशावर ही गावं शेजारी शेजारी दिसतात. मॉस्कोच्या बाहेर पडायलाच दीड तास गेला, घोडबंदरची आठवण आली. बसमधल्या टॉयलेटला ड्रायव्हरने कुलूप घातलेलं, थांबे पेट्रोलपंपावर. शिवाय पुढच्या सीटवरून आपल्या मंडळींची जी धुसफूस व्हायची ती झालीच. दुसऱ्या दिवशी गाइडने रोज सीट बदलायचा नियम केला, तर ज्यांना पुढची मिळाली होती ते रुसले.

पण व्लादिमिरच्या कॅथेड्रलमध्ये जुना रशियन चित्रकार आंद्रेई रुबल्योव याची 1408 सालची भित्तिचित्रं आहेत. तिथे मान वर करून उभे राहिलो आणि ग्रुप कधी पुढे गेला कळलं नाही. तिथून जवळ बोगोल्युबोवो. कुरणातून दीड-एक किलोमीटर चालत गेलं की नेर्ल नदीकाठचं 1165 मधलं छोटंसं पांढरं चर्च. आजूबाजूला काही नाही, गवत आणि डास. सौ. अर्ध्या वाटेवर बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही जा, मी इथूनच नमस्कार करते." सुझ्दालला वाटेवर आज्या काकड्या विकत बसलेल्या. सात महिन्यांनी डोळे मिटले की आधी सुझ्दाल दिसतं, बोट नंतर. हे मला स्वतःलाही अपेक्षित नव्हतं.

आता बोट. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग वेगवान रेल्वे साधारण चार तासांत पोचते, आम्ही आठ रात्री घेतल्या. पहिला दिवस मॉस्को कालव्याचा. 128 किलोमीटरचा हा कालवा 1932 ते 1937 मध्ये कैद्यांकडून खोदून घेतला, हजारो त्यात मेले. बोटीवरच्या माहितीपत्रकात यावर जेमतेम एक ओळ होती.

लॉक (दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यातलं पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली करतात) आलं की मी डेकवर. आमच्या इंदिरा डॉकला लॉक आहे, भरती-ओहोटीने डॉकमधल्या पाण्याची पातळी हलू नये म्हणून. इथे कारण वेगळं: बोटीला जिन्यासारखं पायरी-पायरीने व्होल्गापर्यंत उतरवायचं. भिंतीतले बोलार्ड, म्हणजे बोटीचा दोर बांधायचे खुंट, तरते, पाण्याबरोबर तेही खाली सरकतात, त्यामुळे दोर सतत सैल करत बसायला नको. मी हे शेजारच्या जोशी वहिनींना उत्साहाने समजावलं, त्या "हो का" म्हणून चहाला गेल्या. याख्रोमाच्या तिसऱ्या लॉकच्या मनोऱ्यांवर कोलंबसच्या जहाजाच्या तांब्याच्या प्रतिकृती आहेत, त्या मात्र सगळ्यांनी पाहिल्या, कारण सेल्फीत येत होत्या.

काल्याझिनला पाण्यात एकटा घंटामनोरा उभा आहे. उगलिचच्या धरणात जुनं गाव बुडालं, मनोरा राहिला. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ पाहिलेल्या माणसाला याचं वेगळं काय सांगायचं. खुद्द उगलिचमध्ये एक घंटा आहे. 1591 मध्ये राजपुत्र द्मित्री मेला, तेव्हा ती वाजवून लोक गोळा झाले आणि दंगा झाला. शिक्षा म्हणून घंटेची जीभ काढून तिला सायबेरियात हद्दपार केलं. परत आली 1892 मध्ये. तीनशे वर्षं! आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त वकिलांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढचे चार दिवस तीच.

पुढे ओनेगा सरोवर. पालघर वेगळा होण्याआधीचा अख्खा ठाणे जिल्हा त्यात मावेल, तरी युरोपात ते दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं लादोगा, तिथे लाटा होत्या आणि जेवणाच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ओनेगातल्या किझी बेटावर 1714 सालचं 22 घुमटांचं लाकडी चर्च आहे. गाइड म्हणते एकही खिळा नाही. ओंडक्यांच्या सांध्यांपुरतं ते ठीक, घुमटांवरच्या लाकडी खपल्या खिळ्यांनीच ठोकलेल्या आहेत. रात्री अकरालाही उजेड होता. मी केबिनमध्ये गेलोच नाही.

केबिनमध्ये न जाण्याचं दुसरंही कारण होतं. बुकिंगला 'मोठी खिडकी' सांगितली, मिळाला खालच्या डेकवरचा गोल झरोका, पाण्याच्या वीतभर वर. कंपनी म्हणाली, तीच खिडकी. फोटो, ब्रोशर, ईमेल असं सगळं पाठवून पाच महिन्यांनी फरकाचे पैसे आले. ब्रोशरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, एवढंच.

जेवण: शाकाहारी मिळतं, पण सगळ्यावर शेपू. बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीवर शेपू. ज्यांना घरी शेपूची भाजी नको असते त्यांनी लोणचं जास्त न्यावं.

पैसे: 2022 पासून बाहेरची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. रोख डॉलर न्या, नोटा कोऱ्या असू द्या. ई-व्हिसा घरबसल्या निघतो. आम्ही गेलो तेव्हा त्यावर 16 दिवस राहता येत होतं, नंतर मुदत 30 दिवस झाली. इंटरनेट मध्येच गायब होतं, मुलांना आधी सांगून ठेवा नाहीतर ते घाबरतात.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा व्यापारी त्वेरहून निघून आमच्या चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. मी धरून चाललो होतो की व्होल्गाची बोट म्हणजे त्वेर लागणारच. नाही लागलं. कालवा दुब्नाला व्होल्गेत उतरतो, बोट तिथून प्रवाहाबरोबर खाली वळते आणि त्वेर राहतं वरच्या अंगाला. मी कॅप्टनला नकाशावर बोट ठेवून विचारलं. त्याने उलट दिशेला हात केला आणि खांदे उडवले.

तेव्हा इमारतीतल्यांना माझं उत्तर असं: गुडघे धड असतील तर बस, आणि सुझ्दालला एक नाही, दोन रात्री मागून घ्या. गुडघे नसतील तर बोट, वरचा डेक, जूनमध्येच. सौ.चं मत विचारलंत तर ती म्हणते बोट, कारण बॅग एकदाच उघडावी लागते.