जबड्याच्या कृत्रिम सांध्याचे ताण-विश्लेषण करून देणारी सेवा : एक परीक्षण

रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून घडवल्या जाणाऱ्या जबड्याच्या कृत्रिम सांध्यावर चावण्याचा भार आल्यास कोठे किती ताण निर्माण होईल, हे फायनाइट एलिमेंट पद्धतीने (रचनेचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण संगणकाने काढण्याची पद्धत) तपासून देणारी एक सेवा आमच्या गटाने एका रचनेसाठी वापरली. सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. असे अहवाल मागवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल तेवढेच येथे नोंदवतो.

गणिताची बाजू उत्तम आहे. कंडाइलची (जबड्याच्या हाडाच्या सांध्यात बसणाऱ्या गोलसर टोकाची) मान आणि स्क्रूची छिद्रे या नाजूक जागी मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, पुरेशी बारीक केलेली होती आणि ती आणखी बारीक केली तरी उत्तर फारसे हलत नाही, हे आलेखासह दाखवले होते. टायटॅनियम मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे 110 गिगापास्कल, तर जबड्याच्या कठीण हाडाचा साधारण 15 असल्याने भाराचा मोठा वाटा हाडाला स्क्रूंनी बसवलेली धातूची प्लेट उचलते आणि कंडाइलकडच्या पहिल्या स्क्रूंभोवतीच्या हाडात तो एकवटतो, हेही अहवालात नीट उमटले होते.

खरी अडचण स्नायूंच्या बाबतीत आली. लॅटरल टेरिगॉइड हा स्नायू कंडाइलच्या मानेला जोडलेला असतो. शस्त्रक्रियेत कंडाइलच काढला जात असल्याने त्या बाजूला त्याची ओढ संपते आणि जबडा पुढे सरकण्याऐवजी मुख्यतः फिरतो. पहिल्या अहवालात मात्र हा स्नायू दोन्ही बाजूंनी पूर्ण जोराने ओढत होता, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर अस्तित्वातच नसलेल्या जबड्याचे उत्तर आमच्या हाती आले होते. चूक कळवल्यावर विनातक्रार नवे गणित करून मिळाले आणि त्यात विरुद्ध बाजूच्या निरोगी सांध्यावरचा भारही बदललेला दिसला, ज्याकडे अशा कामात फार कमी लक्ष दिले जाते असे मला वाटते.

स्क्रू हाडाशी एकजीव झाले आहेत, असे गृहीत धरणे मला दुसरे उणे वाटते. सुरुवातीच्या आठवड्यांत तसे नसते. इम्प्लांट आणि हाड यांच्यातली हालचाल 150 मायक्रोमीटरच्या पुढे गेली तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो, आणि स्क्रू आणि हाड यांच्यातला संपर्क घर्षणासह न मांडलेले प्रतिमान याविषयी काहीच सांगू शकत नाही.

सर्वांत जास्त खटकली ती ताण किती हे दाखवणारी रंगांची मोजपट्टी. धातू, हाड आणि पॉलिएथिलीन या तिघांना एकच मोजपट्टी लावल्यामुळे कंडाइलचे डोके ज्यात फिरते त्या खोबणीचे पॉलिएथिलीनचे अस्तर सगळे निळे, म्हणजे जणू निर्धोक दिसत होते. या सांध्याचा इतिहास पाहता ही बाब किरकोळ नाही: प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाची पूर्वीची इम्प्लांट भाराखाली झिजून त्यांचे कण सुटले, त्या कणांवरील शरीराच्या प्रतिक्रियेने अनेक रुग्णांचे हाड झिजले, आणि 1990 च्या सुमारास ती बाजारातून मागे घ्यावी लागली. आजचे पॉलिएथिलीन पुष्कळ टिकाऊ आहे. तरीही झिजणारा पृष्ठभाग स्वतंत्रपणे तपासलाच पाहिजे.

आमच्या आग्रहावरून अस्तरासाठी वेगळी मोजपट्टी मिळाली, तेव्हा एका बाजूने चावताना दाब मधोमध न पडता कडेवर एकवटत असल्याचे दिसले, आणि कंडाइलच्या डोक्याचा कोन आम्ही त्यानंतर बदलला.