फ्यूजच्या जागी तार: यूएसबीनं झोपवलेला मदरबोर्ड, नऊ महिन्यांनंतर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या धंद्यात चहा गार होतो. कराडात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, झेरॉक्स, वेळ पडली तर दहाव्याची कार्डंही. दिवसाला वीस-पंचवीस पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लागतात. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले, तंबाखूच्या पुडीशेजारी राहिलेले, टोपण हरवलेले. त्यातलाच एक नोव्हेंबरात लावला आणि मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य बोर्ड, झोपला. नंतर तोच बोर्ड दुरुस्त करून घेतला आणि आज नऊ महिने त्यावरच धंदा चालू आहे. दुरुस्त बोर्ड टिकतो का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या दिवशी एक आबा नातीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले होते. पेनड्राइव्ह मी नेहमीसारखा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात घातला. टक् असा बारीक आवाज आला आणि स्क्रीन काळी. बटण दाबलं, पंखा अर्धा वेढा फिरून थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा वेढा.

"काय झालं ओ? माझ्या ह्याच्यामुळं का?" आबांनी विचारलं.

मी तोंडानं नाही म्हणालो. चेहरा मात्र हो म्हणत असणार, कारण आबा गुपचूप उठून गेले.

मग आपण सगळेच करतो ते उद्योग झाले. रॅम काढून खोडरबरानं पुसली, बोर्डावरचा सेल काढून लावला, हार्डडिस्क, प्रिंटर, सगळ्या वायरी सोडवल्या. काही फरक नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वेगळा काढून त्याची हिरवी तार काळीला जोडली (असं केलं की तो बोर्डाशिवाय चालू होतो), तर तो छान फिरला. बोर्डाला जोडला की पुन्हा अर्धा वेढा. म्हणजे एसएमपीएस ठीक होता आणि बोर्डावर कुठंतरी शॉर्ट होता. एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडत होता.

नवीन मशीन का घेतलं नाही? मशीन चौथ्या पिढीचं आय ५, बोर्ड एच ८१, म्हणजे मूळ २०१३ च्या सुमाराची जात. ते विंडोज ११ मध्ये बसत नाही, आणि विंडोज १० ला तर ऑक्टोबर २०२५ मध्येच रामराम झाला. शहाणपण म्हणाल तर नवीन घेण्यातच होतं. पण नवीन मशीन म्हणजे सगळे फाँट, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीला लावायची त्याची किल्ली) नव्यानं बसवत बसायचं, तेही ऐन सीझनमध्ये. म्हटलं, आधी दाखवून तर येऊ.

चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक पार्ट बदलायचं, काम करणारा एक पोरगा आहे, स्टँडच्या मागच्या बाजूला बसतो. त्यानं बोर्डाला पॉवर दिलीच नाही. मीटर बीपवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो ओरडतो), एक टोक यूएसबीच्या पाच व्होल्टच्या पिनेला, दुसरं ग्राउंडला. मीटर सलग ओरडायला लागला. मग भिंग खाली ओढून मला म्हणाला, "दादा, या, बघा."

पुढच्या पोर्टची केबल जिथं बोर्डाला लागते, त्या नऊ पिनांच्या शेजारी सहा पायांचा, तिळाएवढा एक पार्ट होता. त्याच्या पाठीवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक आणि भोवती तपकिरी डाग. बोटातून येणारी स्थिर वीज किंवा पोर्टात येणारा झटका स्वतःवर घेऊन ग्राउंडला सोडणं, एवढंच त्याचं काम. जास्त ताण आला की हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. तसाच मेला होता, आणि मरताना पाच व्होल्टची लाइन ग्राउंडला बांधून गेला होता.

पण खरी गंमत त्याच्या शेजारी होती. तिथं एक पॉलिफ्यूज असायला हवा. करंट वाढला की हा तापतो, त्याचा रोध एकदम वाढतो आणि करंट तुटल्यासारखा होतो. गार झाला की पुन्हा पूर्ववत. माझ्या बोर्डावर त्या जागी पॉलिफ्यूज नव्हता. कुणीतरी तांब्याच्या तारेचा एक धागा दोन टोकांना डाग देऊन जोडला होता. आपल्याकडं घरच्या मीटरशेजारच्या किटकॅटमध्ये जाडी तार भरतात ना, डिट्टो तेच.

बोर्ड मी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला. आधीच्या कुणा मिस्त्रीनं फ्यूज गेला म्हणून तार मारून वेळ भागवली असणार. आता हिशेब बघा. यूएसबी २.० चं पोर्ट द्यायला बांधील आहे ५०० मिलिअँपिअर, ३.० चं ९००. माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर पाच व्होल्टसमोर लिहिलंय १६ अँपिअर. मधे फ्यूज असता तर शॉर्ट झाल्यावर करंट तिथंच अडला असता. तार असल्यावर एसएमपीएसला जेवढं देता आलं तेवढं सगळं त्या तिळाएवढ्या पार्टातून गेलं.

आणि शॉर्ट झालाच कसा? ते पाप माझंच. पुढच्या पोर्टातली प्लास्टिकची जीभ, जिच्यावर चार पिना बसलेल्या असतात, ती कधीची तुटलेली होती. पिना मोकळ्याच लटकत होत्या. पेनड्राइव्ह लावताना दोनदा उलटा, मग सुलटा, हा खेळ मी रोज खेळायचो आणि कधीतरी लागायचाच. त्या दिवशी पाच व्होल्टची पिन पेनड्राइव्हच्या पत्र्याच्या खोळीला टेकली. खोळ म्हणजे ग्राउंड. शेजारची डेटाची पिनही वाकून त्यातच अडकली असावी, कारण ते पोर्ट नंतर कामाचं राहिलंच नाही. डेटाच्या तारांना ३.३ व्होल्टच्या पुढं काही बघायची सवय नसते, आणि या बोर्डांवर त्या तारा थेट चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या चिपमध्ये, शिरतात. तिथवर दणका पोचला तर बोर्ड भंगारात. माझं नशीब म्हणायचं.

पोरानं मेलेला पार्ट बदलला, तार काढून खरा पॉलिफ्यूज बसवला. दोन दिवस, सोळाशे रुपये. त्या दोन दिवसांत आबांची पत्रिका शेजारच्या टेलरच्या पोरीच्या लॅपटॉपवर केली. त्यांचा पेनड्राइव्ह अगदी व्यवस्थित होता, फाइल जशीच्या तशी. पत्रिका न्यायला आले तेव्हा खरं काय झालं ते सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दोन रात्री मला झोप का नाही लागू दिली?" यावर काय बोलणार. छपाईत पन्नास पत्रिका जास्तीच्या टाकल्या.

मधल्या काळात माझ्या भाच्यानं वेगळाच शोध लावला होता. म्हणे, कुणीतरी मुद्दाम यूएसबी किलर लावला असेल. अशी वस्तू खरोखर असते. पोर्टाच्या पाच व्होल्टवर आतले कपॅसिटर भरून घेते आणि दोनशेच्या आसपास व्होल्ट डेटाच्या तारांत उलटे सोडते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यानं, तोही आपल्या देशातला, अशानं ६६ कॉम्प्युटर जाळल्याची कोर्टात कबुली दिली होती. पण पत्रिकेच्या दुकानावर एवढा खर्च कोण करेल? तुटक्या पोर्टानं फुकटात काम झालं.

आता नऊ महिन्यांचं. बोर्ड दिवसाला दहा-अकरा तास चालतो. पुढची दोन्ही पोर्ट गेली ती गेलीच. काही लावलं तर विंडोज ओळखत नाही, म्हणून केबल बोर्डावरून काढली आणि पोर्टांवर टेप मारली. मागची सगळी ठणठणीत. पहिला महिना मी रोज चिपसेटच्या हीटसिंकला बोट लावून बघायचो, जास्त तापतंय का. आता सोडलं. जूनमध्ये दोनदा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आणि पोटात गोळा आला, पण ती यूपीएसची बॅटरी निघाली. बोर्डाकडून तक्रार शून्य.

गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आता थेट मशीनला लागतच नाहीत. टेबलावर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका यूएसबीची अनेक पोर्ट करून देणारी डबी, ठेवलाय. पोर्ट झिजलं, तुटलं तर हबचं तुटेल. डोंगल तेवढं मागं थेट. या हबची मात्र गोष्ट आहे. पहिला आणला तो साडेचारशेचा. रात्री मशीन बंद केलं तरी कीबोर्डचा लाइट मंद पेटलेला दिसायचा. आधी वाटलं भास. मग हबची वायर मशीनमधून काढली, अडॅप्टर चालू ठेवला आणि मोकळ्या टोकाला मीटर लावला, तर तिथं ४.९ व्होल्ट! म्हणजे हबच मशीनला उलटा करंट पाजत होता. बंद बोर्डात मागच्या दारानं पाच व्होल्ट शिरणं चांगलं नाही. परत दिला, बाराशे पन्नासचा घेतला. तो दुकानातच मीटर लावून तपासला, मोकळ्या टोकाला शून्य. दुकानदार वैतागला, पण वस्तू चांगली निघाली. यूएसबी २.० च आहे, एक जीबीची फाइल यायला अर्धा मिनिट लागतो. पत्रिकेच्या फायलींना एवढं पुष्कळ. जुनी एक्सटर्नल हार्डडिस्क आधी टकटक करून बंद पडायची, ती हबवर निमूट चालते.

दुसरा खर्च अर्थिंगचा. कॅबिनेटच्या पत्र्याला कोपर लागलं की झिणझिण्या यायच्या, आणि प्रिंटरची केबल लावताना कधीकधी ठिणगी दिसायची. सवय झाली होती. बोर्ड आल्यावर मीटर नळाच्या पाइपला आणि कॅबिनेटला लावला: ९८ व्होल्ट. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसतं. करंट नगण्य असतो, माणसाला फक्त झिणझिण्या, पण केबल जोडताना तो झटका पोर्टाला बसतो. वायरमननं सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागं वायरच नव्हती. नुसतं भोक! टेलरला भागीत घेतलं, मागच्या बोळात खड्डा काढला, पाइप, कोळसा, मीठ, सगळं रीतसर. माझ्या वाट्याला चौदाशे आले. आता पत्र्यावर व्होल्टच दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली पाणी ओतावं लागतं, ते काम टेलरकडं.

सेकंडहँड बोर्ड घेणार असाल तर यूएसबीच्या पिनांशेजारी मोबाइलच्या टॉर्चनं एकदा बघून घ्या. हिरवा किंवा काळा चपटा तुकडा दिसला तर तो फ्यूज. तार किंवा कथलाचा गोळा दिसला तर किंमत पाडून मागा, नाहीतर ठेवून या.

हबचं तिसरं पोर्ट गेल्या आठवड्यापासून सैल झालंय. पेनड्राइव्ह तिरका धरावा लागतो. त्यावर परवाच टेप मारली, आणि येत्या सीझनच्या आत दुसरा हब आणणार आहे. मीटर खिशात घेऊनच जाईन.