ऑलिंपियात कॉकसची व्हिडिओग्राफर: दहा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळात व्हिडिओग्राफर म्हणून डिसेंबर २०२४ ला जॉइन झाले, आता दहा महिने झालेत, एक अख्खं अधिवेशन आणि त्यानंतरचा शांत काळ दोन्ही बघून झालंय म्हणून आता सविस्तर लिहितेय. त्याआधी पुण्यात सहा वर्षं लग्नं शूट केली होती, बाकी राजकारणाचा काही संबंध नव्हता.

काम काय ते आधी. हे वॉशिंग्टन राज्य, सिएटलवालं, डी.सी. नाही. राजधानी ऑलिंपिया. ४९ मतदारसंघ, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे ४९ आणि ९८. दोन सभागृहं आणि दोन पक्ष असे चार कॉकस, आपल्याकडे विधिमंडळ पक्ष म्हणतात ना तसंच, आणि प्रत्येक कॉकसची स्वतःची कम्युनिकेशन टीम असते. मी त्यातल्या एका टीममध्ये, कुठल्या ते लिहीत नाही. सदस्यांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ बनवायचे, विधेयक काय आहे, मतदारसंघात काय चाललंय, बजेटवर काय म्हणणं आहे, असे.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की बसवावी लागते, ती म्हणजे पगार पक्ष देत नाही, राज्य देतं. म्हणून प्रचाराचं काहीही, अगदी काहीही करायचं नाही, इथे ४२.५२ नावाचा एथिक्सचा कायदाच आहे. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका सदस्याने विचारलं, क्लिप मस्त झालीय, माझ्या कॅम्पेनला पाठवशील का? निवडून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे पोटात गोळाच आला होता, पण नाही म्हटलं आणि त्यांनी लगेच सॉरी म्हणून विषय संपवला. मला हा नियम मनापासून आवडतो. मी कोणाची माणूस आहे असं इथे कोणी विचारत नाही, माझं काम बघतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. नवीन माणूस आला की कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हेच विचारतो, मीही तेच विचारलं होतं, आणि या कामात नव्वद टक्के जीव आवाजात आहे. कॅपिटलची, म्हणजे इथल्या विधानभवनाची, ही बिल्डिंग १९२८ ची, घुमट २८७ फूट उंच, आत सगळा संगमरवर, आणि मधोमध टिफनीचं पाच टनांचं झुंबर. दिसायला स्वर्ग आणि रेकॉर्डिंगला विहीर. रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात, एखाद्या शाळेची मुलं गायला लागली की सूर भिंतींवर आपटून फिरत राहतो, आणि सदस्याकडे तुमच्यासाठी चारच मिनिटं असतात, त्यांना थांबा म्हणता येत नाही, मुलांना तर नाहीच नाही. कॅमेऱ्यावरचा माइक तिथे शून्य कामाचा. मी कॉलरचा छोटा वायरलेस माइक लावते, ट्रान्समीटर स्वतःच्या आतही रेकॉर्ड करतो तो प्रकार, आणि शक्यतो खांबामागच्या कोपऱ्यात किंवा पडदे असलेल्या खोलीत नेते.

त्यातही एक बारीक गोष्ट सांगते, मला कोणी सांगितली नव्हती. सदस्यांच्या कोटावर डाव्या बाजूला पिन असते. माइक त्याच बाजूला लावला की माणूस हात हलवून बोलला रे बोलला की पिन घासते आणि खर्र खर्र येतं, आणि हे लोक हात हलवल्याशिवाय बोलूच शकत नाहीत. फेब्रुवारीत एका सिनेटरबाईंचा शेतीच्या पाण्यावरचा अख्खा व्हिडिओ असा वाया गेला, परत वेळ मिळाला नाही आणि त्यांच्या मतदारांना तो कधी दिसलाच नाही, मला ते अजून लागतं. तेव्हापासून माइक पिनच्या उलट्या बाजूला, वायरचा छोटा वळसा टेपने आतून चिकटवायचा, गळ्यातली चेन असली तर सरळ विचारून बाजूला करायला सांगायचं, आणि हेडफोन कानावरून काढायचा नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण परत मिळत नाही तसंच आहे हे.

दुसरं म्हणजे वाट बघणं. २०२५ चं अधिवेशन १०५ दिवसांचं होतं, १३ जानेवारी ते २७ एप्रिल. सभागृह चालू असताना मधेच सगळे उठून बंद खोलीत कॉकसला, म्हणजे आपापल्या पक्षाच्या बैठकीला जातात, ते वीस मिनिटांत येतील की तीन तासांनी कोणालाच माहीत नसतं, आणि बाहेर आल्याआल्या प्रतिक्रिया लागते. मार्चमध्ये कटऑफच्या दिवशी, म्हणजे विधेयक आपापल्या सभागृहात मंजूर करायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत जे विधेयक चर्चेला घेतलं ते नंतरही पूर्ण करता येतं, त्याला इथे फाइव्ह ओक्लॉक बिल म्हणतात, ते कोणतं असणार हे शेवटपर्यंत झाकून ठेवतात आणि मग चर्चा रात्रीपर्यंत लांबते. बॅटऱ्या चार्ज ठेवा आणि बॅगेत खायला ठेवा, मी लाडू नेत होते, टीममधले आता नावाने मागतात.

कॅप्शनवर वेळ द्या. प्रत्येक व्हिडिओला कॅप्शन टाकतो आम्ही, कमी ऐकू येणारेही मतदार आहेत. आपोआप येणारे कॅप्शन जागांच्या नावांची वाट लावतात. स्क्विम, प्युऍलप, वाकायकम ही मूळ रहिवाशांच्या भाषांतून आलेली नावं, स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. एकदा स्क्विमचं स्क्विड होऊन गेलं, तिथल्या लोकांनी ऑफिसला फोन केले. आता माझ्याकडे नावांची हाताने लिहिलेली वही आहे, प्रत्येक नाव त्या भागातल्या माणसाकडून ऐकून देवनागरीत लिहून ठेवलेलं, देवनागरीत उच्चार बरोबर राहतो.

न आवडलेलंही लिहिते. सुरुवातीला मला फक्त सेशनपुरतं घेतलं होतं, पुढे ठेवणार की नाही हे एप्रिलच्या मध्यापर्यंत कोणी सांगितलं नाही. घरात दोन वर्षांचं मूल असताना असं टांगून ठेवणं बरोबर नाही, मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय. शिवाय घर सिएटलजवळच्या रेडमंडला, आय-फाइव्ह हायवेवर लष्करी तळाजवळ रोज ट्रॅफिक अडकतो, मार्चपासून आठवड्यातून तीन रात्री ऑलिंपियाशेजारच्या लेसीत भाड्याच्या खोलीत राहिले. ज्यांच्या घरी मागे बघणारं कोणी नाही त्यांना सेशनचे महिने खरंच जड जातील.

पण लोकांचं काम इतक्या जवळून बघायला मिळतं. उत्तरेच्या दारासमोर ४२ पायऱ्या आहेत, ४२ वं राज्य म्हणून, आणि तिथे रोज कोणीतरी बोर्ड घेऊन उभं असतं, शिक्षक, नर्स, सफरचंदवाले शेतकरी. आपल्या विधानभवनाच्या पायऱ्या आठवतात, फक्त तिथे घोषणा देताना आमदार दिसतात आणि इथे बहुतेक वेळा साधी माणसं.

२७ एप्रिलला रविवार होता. अधिवेशन संपवताना दोन्ही सभागृहांची दारं उघडतात, रोटुंडाच्या आरपार एकमेकांना बघून दोन्हीकडचे हातोडे एकाच वेळी पडतात, त्याला साइनी डाय म्हणतात. मी मधे माइक घेऊन उभी होते. हेडफोनमध्ये दोन्ही हातोड्यांचा मिळून एकच आवाज आला आणि मग तो घुमटात फिरत राहिला, मी तो पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग बंद केलं नाही.