राजांची टूर्नामेंट: नॉकआउट ठेवायची की लीग?

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग गेममधे प्रत्येक प्लेअर एकेक राजा चालवतोय आणि त्या राजांची टूर्नामेंट लावायचीय, तर आठ राजे असतील तर नॉकआउटमधे 7 मॅचमधे विषय संपतो, लीग लावली की 28, आणि त्या सगळ्या टेबलवर खेळवत बसलो तर प्लेअर झोपतील. पण नॉकआउटची खरी गोची वेगळीच, एखाद्याचा राजा पहिल्याच राउंडला फासे उलटे पडून बाहेर गेला तर तो पुढे काय करणार, नुसता बघत बसणार? लीगमधे हरलेला राजापण कामाचा राहतो, शेवटची मॅच मुद्दाम हरायची आणि बदल्यात शेजाऱ्याकडून एखादा किल्ला नाहीतर सोयरीक पदरात पाडून घ्यायची, असलं राजकारण (ज्याच्यासाठी राजे घेतले ना आपण!) तिथेच रंगतं. मी तर लीगच घेईन, एनपीसी राजांच्या (म्हणजे कुठलाच प्लेअर चालवत नाही अशा राजांच्या) आपापसातल्या मॅच जीएमने (गेम मास्टर, खेळ चालवणारा) एकेका फाशात उरकायच्या. एकदोन सेशनचाच खेळ असेल तर मात्र सरळ नॉकआउट.